साध्या फाइलची नीटस छपाई

डॉसच्या काळातल्या साध्या मजकूर-फाइलला ना समास, ना पान, नुसत्या ओळी. ती तशीच डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर सोडली, की इंचाला 6 या हिशेबाने 11 इंची कागदावर 66 ओळी सलग उमटत, अगदी कागदाच्या छिद्ररेषेपर्यंत. इथे छोटे शेअरवेअर प्रोग्राम कामी येत. ठरल्या ओळी झाल्या की ते 12 क्रमांकाचं अदृश्य चिन्ह पाठवत आणि प्रिंटर नव्या पानावर जाई. 15 क्रमांकाच्या चिन्हाने एपसन प्रिंटरची अक्षरं बारीक होत. मग ओळीत 80 ऐवजी 132 अक्षरांचा रुंद तक्ताही मावे. आधी वापरा, पटलं तर पैसे पाठवा, हा शेअरवेअरचा विश्वासाचा व्यवहार मला आजही मोलाचा वाटतो. जुनी फाइल छापायची असेल, तर आधी एकच पान काढून पाहा.