पुंगळी फुगवली, वेग किती वाढला?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावी पी. ओ. अ‍ॅकली हे बंदुका घडवणारे कारागीर नेहमीची काडतुसं 'सुधारून' देत. रायफलीचं चेंबर ते किंचित मोठं कोरत आणि त्यात कारखान्याचं साधं काडतूस उडवत. दाबाने पितळी पुंगळी फुगून त्या चेंबरचा आकार घेई. तिच्या बाजू जवळजवळ सरळ होत, मानेकडे निमुळता होणारा खांदा चाळीस अंशांचा होई आणि पुढच्या वेळी आत थोडी जास्त दारू मावे. कारखान्याच्या यादीत नसलेल्या अशा घरगुती काडतुसांना अमेरिकेत वाइल्डकॅट म्हणतात. त्यांनी गोळीचा वेग खूप वाढतो, हा दावा आजही ठासून केला जातो.

मला तो बराचसा फुगवलेला वाटतो, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. पुंगळीची जागा वाढली तरी नळीचं भोक तेवढंच राहतं. जास्तीच्या दारूचा वायू त्याच भोकातून जातो, आणि त्या वायूलाही स्वतःचं वजन असतं. काही ऊर्जा तो वायू पुढे ढकलण्यातच खर्ची पडते, बरीचशी उष्णता होऊन नळीच्या तोंडाबाहेर निघून जाते. म्हणून दाब तोच ठेवला तर वेगातली टक्केवारीची वाढ जागेतल्या वाढीच्या साधारण चौथा हिस्सा असते. जागा दहा टक्के वाढली, तर वेग अडीच टक्के. सेकंदाला 850 मीटर जाणाऱ्या गोळीला त्यातून वीसेक मीटर जास्त मिळतात. 300 मीटरवर ती तीन-चार सेंटिमीटर कमी खाली येते. हरणाला हा फरक कळणार नाही. नळीला मात्र कळतो: जास्त दारूची ज्योत चेंबरपुढचं पोलाद लवकर झिजवते.

मग मोठमोठे आकडे आले कुठून? उत्तर दाबात आहे. .257 रॉबर्ट्स हे काडतूस रेमिंग्टनने 1934 मध्ये बाजारात आणलं. त्याची पुंगळी मूळची 7 मिलिमीटर माउझरची. जुन्या रायफलींचा विचार करून त्याची दाबमर्यादा चौरस इंचाला सुमारे 54,000 पौंड इतकी सौम्य ठेवली होती. .270 विंचेस्टरची मर्यादा 65,000 आहे. 'सुधारलेलं' रॉबर्ट्स मजबूत रायफलीत भरणारा माणूस सहसा दाबही वाढवत असे आणि श्रेय खांद्याच्या कोनाला देत असे. हौशी माणसाकडे दाब मोजायचं साधन नव्हतं. पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी चपटी झाली का, पुंगळी चेंबरमध्ये अडकते का, यावरून तो अंदाज बांधे. पण पितळावर अशा खुणा दिसेपर्यंत दाब बहुतेक वेळा मर्यादा ओलांडून गेलेला असतो. दोन काडतुसांची तुलना करायची तर दाब, नळीची लांबी आणि गोळीचं वजन समान हवं. हे साधं पथ्य न पाळता सांगितलेला आकडा मी तरी मानत नाही.

याचा अर्थ वाइल्डकॅट निरुपयोगी असा मुळीच नाही. जिथे नुसती पुंगळी न फुगवता गोळीची जाडीच बदलली, तिथे खरोखर नवं काही हाती आलं. 1915 च्या .250 सॅव्हेजची मान आवळून त्यात .22 ची गोळी बसवली गेली. सपाट मार्गाने जाणारं हे काडतूस कित्येक वर्षं हौशींच्या हातात राहिलं आणि 1965 मध्ये रेमिंग्टनने .22-250 या नावाने ते स्वीकारलं. .25-06 ची गोष्टही अशीच. त्याला कारखाना मिळाला 1969 मध्ये.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 1975 चं 6 मिलिमीटर पीपीसी. लुई पाल्मिसानो हे शल्यचिकित्सक आणि फेरिस पिंडेल हे बंदूक कारागीर. या दोघांनी .220 रशियन या छोट्या पुंगळीवरून ते घडवलं. वेगात ते .22-250 च्या मागे आहे, कारण त्यांना वेग नकोच होता. दारूचा आखूड, जाडसर स्तंभ आणि छोटी टोपी यांमुळे प्रत्येक बार जवळजवळ आधीच्यासारखाच होतो. बाकावर रायफल टेकवून एका छिद्रात गोळ्या घालण्याच्या बेंचरेस्ट स्पर्धांमध्ये या काडतुसाने प्रमाणित काडतुसांना मागे टाकलं.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं त्या 50 मीटर रायफल प्रकारात तर आकार बदलायला वावच नाही. तिथे .22 लाँग रायफल हे 1887 पासूनचं काडतूसच चालतं. त्याची टोपी वेगळी नसते, स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, त्यामुळे ती पुन्हा भरता येत नाही. वरच्या दर्जाचे नेमबाज मग एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीतून उडवून पाहतात आणि ज्या लॉटचा गट सर्वांत घट्ट पडतो त्याचाच साठा घेतात.