जीव टांगणीला लागणं वेगळं, जीव घाबरा होणं वेगळं

तायांनो, गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब संपला की दोन गोष्टी हमखास कानावर येतात. एक, "कापसाला भाव मिळते की नाही, या काळजीनं झोपच नाही लागत." दुसरी, "काही कारण नसताना छाती धडधडली, हातपाय गार पडले, वाटलं आता मरतेच." आपण दोन्हीला 'टेन्शन' म्हणतो. पण मेंदूत या दोन वेगळ्या भीती आहेत. हे आपल्याला बरंचसं जनावरांमुळे कळलं.

धुऱ्यावर आलेला रोही आठवा. वाघाचा नुसता वास आला तर तो लगेच पळत नाही. चरणं थांबवतो, कान टवकारतो, पाऊल जपून टाकतो. धोका दूर आहे, कदाचित नसेलही. ही चिंता. पण वाघ अंगावर आलाच तर विचाराला वेळ नाही, वाट फुटेल तिकडे धूम! ही घबराट. दोन्ही भीती त्याचा जीवच वाचवतात.

चिंतेचं काम मेंदूत कानशिलाच्या आत, बदामाच्या आकाराच्या भागात चालतं. पळून जाण्याचं बटण मात्र खोल, मेंदूच्या देठात आहे. उंदराच्या या भागाला बारीक विजेचा झटका दिला तर समोर काही नसतानाही तो उड्या मारत पळत सुटतो.

देठातल्याच काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन या दोन्ही जागी पोचवतात. मेंदूत हे रसायन असतं, हे 1953 साली बेटी ट्वारोग या बाईनं दाखवलं. पुढे 1991 मध्ये इंग्लंडचे डीकिन आणि ब्राझीलचे ग्रॅफ यांनी मांडलं, की एकच रसायन दोन कामं करतं. चिंतेच्या जागी ते सावध राहायला लावतं, पळण्याच्या जागी ब्रेक लावतं. म्हणजे धोका दूर असताना जनावर सावध राहील, पण उगाच धावत सुटणार नाही. एकाच मोटारीचं पाणी दोन वाफ्यांना जावं, तसं हे आहे. म्हणून "सेरोटोनिन कमी झालं की भीती वाढते," एवढं सोपं गणित नाही.

हे तपासायला उंचावर तीन फळ्या ठेवतात. एकीला भिंती, दोन उघड्या. भिंतीआडचा उंदीर बाहेर यायला कचरतो, ती चिंता. उघड्या फळीवर ठेवला की आडोशाकडे धावतो, ती घबराट. सेरोटोनिनवर काम करणारं औषध काही आठवडे रोज दिलं की ही धावपळ कमी होते. एका डोसनं होत नाही.

यातून आपण काय घ्यायचं?

घबराटीचा झटका हे नाटक नाही आणि बाहेरची बाधाही नाही. वाघ नसताना दाबलं गेलेलं ते बटण आहे. झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. बायांमध्ये हा त्रास पुरुषांच्या सुमारे दुप्पट दिसतो. पण छातीत दुखलं, दम लागला तर आधी दवाखान्यात हृदयाची तपासणी करा. रक्त कमी असणं, थायरॉईड यांनीही धडधड होते.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर दोन-चार आठवडे धीर धरा. सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढू शकते, ती डॉक्टरांना सांगा. बरं वाटलं म्हणून मनानं गोळ्या बंद करू नका. औषधाशिवाय, बोलून करायचे उपचारही आहेत.

वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयात आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मनाचे डॉक्टर आहेत. एवढ्या दूर जाणं जमत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर लावा. फोन फुकट आहे, दिवस-रात्र सुरू असतो, आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा. हिशोबाच्या वहीच्या पहिल्या पानावर 14416 लिहून ठेवा. आणि एखादी ताई "जीव घाबरा होते" म्हणाली, तर "काही नाही होत" म्हणून तिला गप्प करू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.