मांजरीच्या ताटलीत मांस, पण शिजवून

बीडकडे मांजरीला दुधात भाकरी कुस्करून घालतात. ती खातेही. पण मांजर मुळात मांसाहारी. टॉरिन हा घटक तिचं शरीर पुरेसा बनवत नाही. तो मांसातून मिळतो. कमी पडला की डोळे आणि हृदय अधू होतं.

म्हणून मांस द्याच, पण कच्चं नको; त्यातून बर्ड फ्लू होऊ शकतो. २०२१च्या जानेवारीत बीड जिल्ह्यात बर्ड फ्लूने कावळे मेले. २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात त्यानेच ३ वाघ आणि १ बिबट्या मेला. कोंबडी कांदा-लसणाशिवाय शिजवा, हाडं काढा. शिजवल्याचं पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं.

नखरेल मांजर हुंगेल, पंजाने जमीन खरवडेल, निघून जाईल. रोजच्या खाण्यात नखाएवढा कोमट तुकडा मिसळत राहा; उबेने वास उठतो. उपाशी मात्र ठेवू नका: काही दिवसांतच यकृतात चरबी साचते, जीवावर बेततं.