दुरुस्तीपुस्तिकेची निवड

मोटारीच्या दुरुस्तीविषयीची सर्व पुस्तके एकाच जातीची नसतात. गाडीबरोबर मिळते ती मालकासाठीची माहितीपुस्तिका होय. टायरमध्ये हवा किती भरावी, तेल केव्हा बदलावे, यापलीकडे ती फारसे सांगत नाही. सुट्या भागांच्या सूचीत प्रत्येक भागाचे चित्र व क्रमांक असतो, परंतु तो भाग काढावा कसा, हे तीत नसते. कारखान्याची कार्यशाळा-पुस्तिका सर्वांत तपशीलवार असते. तथापि ती प्रशिक्षित मिस्त्र्यासाठी लिहिलेली असल्याने कंपनीची खास हत्यारे व काही पूर्वज्ञान ती गृहीत धरते. चौथा प्रकार स्वतंत्र प्रकाशकांनी हौशी मालकासाठी तयार केलेल्या पुस्तिकांचा. स्पोर्ट्स कार स्वतःच्या हाताने दुरुस्त करू इच्छिणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे.

या चौथ्या प्रकाराच्या प्रसिद्धीमागे एक स्पोर्ट्स कारच आहे. १९६५ साली ब्रिटिश हवाई दलातील जॉन हेन्स एडन येथे असताना त्याच्या एका सहकाऱ्याने ऑस्टिन-हीली स्प्राइट ही लहान दोन आसनी गाडी मोडकळीस आलेल्या स्थितीत घेतली. कारखान्याची पुस्तिका सामान्य मालकाला उपयोगी पडण्याजोगी नाही, असे आढळल्यावर हेन्सने गाडीचे भाग सुटे करताना व पुन्हा जोडताना पायरीपायरीने छायाचित्रे घेतली. १९६६ मध्ये निघालेली त्याची पहिली पुस्तिका याच गाडीविषयी होती. लेखकाने ते काम स्वतःच्या हाताने केले आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून पुस्तिकेची कसोटीच ठरला.

दुसरा प्रश्न गाडीच्या ओळखीचा. भारतात तो विशेष जपून सोडवावा लागतो. कारण येथील अनेक गाड्यांचे नाव एका घराण्याचे आणि अंतरंग दुसऱ्याचे असते. १९६१ पासून मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेरल्ड ही ब्रिटनमधील ट्रायम्फ हेरल्डची भगिनी. हेरल्डच्याच सांगाड्याच्या धर्तीवर १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. परंतु ब्रिटनमध्ये हेरल्डला ११४७ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवले गेल्यानंतरही मद्रासच्या गाडीत ९४८चेच राहिले. पुढे १९७२ साली आलेल्या गझेलमध्ये मागील आसाची रचनाही बदलली. अशा गाडीपुढे ब्रिटिश पुस्तिका उघडून बसणाऱ्याला काही प्रकरणे तंतोतंत जुळतात, तर काही पूर्णपणे दिशाभूल करतात. प्रीमियर कंपनीच्या ११८ एन.ई. गाडीचे शरीर फियाट १२४चे, तर इंजिन निसानचे होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीत फायबरग्लासच्या शरीराखाली रेनोचे इंजिन होते. अशा गाड्यांसाठी पुस्तिका नावावरून न निवडता घटकांवरून निवडावी. इंजिनासाठी एक व सांगाड्यासाठी दुसरी, अशा दोन पुस्तिका घ्याव्या लागल्या तरी तो खर्च वाया जात नाही.

नाव व कारखाना एकच असला तरी साल पाहिलेच पाहिजे. एम.जी.बी. ही स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात तयार होत होती. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. १९६७ च्या अखेरीस आलेल्या सुधारित आवृत्तीपासून ऋण टोक जोडले जाऊ लागले आणि डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला. चुकीच्या सालची आकृती समोर ठेवून तारा जोडल्यास आल्टरनेटर क्षणात जळू शकतो. यास्तव पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरील नावापेक्षा आतील चॅसिस व इंजिन क्रमांकांचा तक्ता महत्त्वाचा. आपल्या गाडीवरील क्रमांक त्यात बसतो की नाही, हे आधी पाहावे. पुस्तिका कोणत्या देशासाठी लिहिली आहे, हेही पाहावे. १९७५ पासूनच्या अमेरिकी एम.जी.बी.ला एकच कार्ब्युरेटर होता, तर ब्रिटिश गाडीला दोन.

तिसरी बाब मापांची. नट किती जोराने आवळावा, हे जुन्या ब्रिटिश पुस्तिका फूट-पौंडांत सांगतात, युरोपीय पुस्तिका किलोग्रॅम-मीटरमध्ये आणि अलीकडच्या न्यूटन-मीटरमध्ये. ५० फूट-पौंड म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटर. हा ५० चा आकडा न्यूटन-मीटर समजून सिलिंडर हेडचे नट आवळले, तर ते चतुर्थांशाहून अधिक ढिले राहतील व गॅस्केट फुटेल. उलट ६८ हा आकडा फूट-पौंड समजला, तर आटे उखडतील किंवा बोल्ट तुटेल. तेलाच्या मापातही अशीच फसगत होते. ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा असतो, अमेरिकी ३.७९ लिटरचा.

इतके पाहून झाल्यावर एक साधी परीक्षा घ्यावी. क्लच बदलण्यासारखे एक काम निवडून पुस्तिकेतील ते प्रकरण सावकाश वाचावे. लागणारी हत्यारे आरंभीच सांगितली आहेत काय? चित्र त्याच पायरीजवळ आहे काय? जोडणीच्या वेळी ‘उलट क्रमाने करा’ एवढ्यावरच बोळवण केली आहे काय? गाडीखाली जाण्यापूर्वी ती नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम टेकूंवर ठेवा, असा इशारा आहे काय? ही शेवटची सूचना ज्या पुस्तिकेत नाही, ती इतर बाबतींत कितीही उत्तम असो, बाजूला ठेवावी.

रायपूरच्या बूढापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत एखाद्याने जुनी एम.जी. आणून ठेवली, आणि तिचा जाणकार मिस्त्री जवळपास नसला, तर पुस्तिका हाच त्याचा गुरू. गुरू चांगला असला तरी शिष्याने आपली मर्यादा ओळखावी. इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते. ब्रेक चुकीचे जुळवले तर ती उभी राहत नाही. म्हणून ब्रेक व सुकाणू यांचे काम पुस्तिकेवरून केले, तरी रस्त्यावर जाण्यापूर्वी ते अनुभवी माणसाकडून तपासून घ्यावे. चांगली पुस्तिका स्वतःच तसे सांगते.