पोमँडर वॉक : नाट्यनेपथ्यातून वारसास्थळाकडे

प्रस्तावना :
न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटनच्या पश्चिम भागात, ९४ व ९५ क्रमांकांच्या रस्त्यांना जोडणारा ‘पोमँडर वॉक’ हा अरुंद बोळ आहे. उंच इमारतींनी वेढलेला असल्याने तो सहसा ध्यानात येत नाही. बोळात दुमजली घरांच्या दोन रांगा समोरासमोर आहेत. वीटकाम, गिलावा व दर्शनी लाकडी पट्ट्या यांतून इंग्लंडमधील ट्यूडर काळाचा आभास निर्माण केलेला आहे. जुन्या शैलीची नव्या बांधकामात जाणीवपूर्वक योजना करणे यास ‘पुनरुज्जीवन शैली’ म्हणतात. अशा अनुकरणास ऐतिहासिक वारसा मानावे काय, हा येथील मूळ प्रश्न होय.

निर्मिती :
उपाहारगृहांचे मालक थॉमस हीली यांनी ही घरे १९२१ मध्ये बांधली. वास्तुरचना ‘किंग अँड कॅम्पबेल’ यांची होती. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या लुई पार्कर यांच्या ‘पोमँडर वॉक’ या नाटकावरून बोळास नाव मिळाले, आणि त्याच्या नेपथ्यावरून रूप. मात्र नाटकातील काळ १८०५ चा आहे, तर ट्यूडर राजवट १६०३ मध्येच संपली होती. म्हणजेच ही घरे इतिहासाशी नव्हे, तर इतिहासाविषयीच्या एका रम्य कल्पनेशी प्रामाणिक होती. शिवाय ती तात्पुरतीच होती. भांडवल उभे राहताच तेथे मोठे हॉटेल बांधण्याचा हीली यांचा मानस होता. ते हॉटेल झाले नाही. १९२७ मध्ये हीली निवर्तले आणि घरे टिकून राहिली.

संरक्षण :
न्यूयॉर्कच्या १९६५ च्या वारसा संरक्षण कायद्यानुसार वास्तू किमान ३० वर्षांची असावी लागते आणि तिला विशेष ऐतिहासिक, सांस्कृतिक वा सौंदर्यात्मक मूल्य असावे लागते. शैली मूळची असावी, अशी अट नाही. १९८२ मध्ये पोमँडर वॉकला या कायद्याचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून घरांच्या बाह्यरूपात बदल करण्यास संबंधित आयोगाची अनुमती आवश्यक ठरली.

समारोप :
या घरांचे मोल ट्यूडर काळाचे नसून १९२१ च्या न्यूयॉर्कचे आहे. वाढत्या महानगरातील माणसास लहान गावाची जी ओढ वाटत होती, तिचा हा पुरावा होय. अनुकरणही कालांतराने स्वतःच्या काळाचे अस्सल साधन बनते. तथापि बोळाच्या दोन्ही टोकांची फाटके रहिवाशांव्यतिरिक्त इतरांस बंद असतात. कायदा लोकांच्या नावे वास्तू जपतो, परंतु लोकांना ती फाटकाच्या गजांतूनच पाहावी लागते. वारसा संरक्षणाच्या अभ्यासात या विसंगतीचाही विचार होणे अगत्याचे आहे.