सीटखालचा फ्यूज

बेळगावजवळच्या बेळगुंदीसारख्या गावात पोर उभं राहायला लागलं की पांगुळगाडा येतो आणि तीन वर्षांचं झालं की बॅटरीची गाडी. गोव्यात कामाला असलेल्या काकाने वाढदिवसाला आणलेली, नाहीतर बेळगावच्या बाजारातून टेम्पोत घालून आणलेली. लाल जीप, पांढरी कार, दिवे लागणारी बुलेट. पांगुळगाड्याला बळ पोराच्या पायांचं. पोर थांबलं की गाडा थांबतो. बॅटरीच्या गाडीत बळ बाहेरचं असतं. ते आवरायची सोय कुणीतरी आधीच विचार करून आत बसवलेली असावी लागते. घरच्यांचं लक्ष गाडीच्या रंगाकडे, गाण्यांकडे आणि दिव्यांकडे जातं. ही सोय मात्र सीटखाली असते, म्हणून ती पाहायची राहून जाते.

सीट दोन-तीन स्क्रू काढले की निघते. खाली काळ्या ठोकळ्यासारखी शिशाची सीलबंद बॅटरी असते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची असेल तर दोन किलोंच्या वर भरते. शेजारी काडेपेटीहून थोडी मोठी डबी, तिच्यात रिमोटचा संदेश घेणारं सर्किट. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकचे दोन गिअरबॉक्स आणि प्रत्येकावर मुठीत मावेल एवढी मोटर. ही मोटर मोकळी फिरवली तर मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे घेते. गिअरबॉक्स त्याचे शंभराच्या आत-बाहेर फेरे करून चाकाला देतो, त्यामुळे गाडी माणसाच्या चालीने, ताशी तीन ते पाच किलोमीटरने जाते. आणि बॅटरीतून निघणाऱ्या लाल तारेवर, अगदी बॅटरीला लागून, बोटाच्या पेराएवढा फ्यूज. गाडीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू. मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मुलांची विजेवरची गाडी तशी जुनी आहे. फ्रान्समध्ये एत्तोरे बुगाटी यांनी धाकट्या मुलासाठी, रोलाँसाठी, आपल्याच टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीची निम्म्या आकाराची आवृत्ती १९२७ च्या सुमारास बनवून घेतली. तिच्यात १२ व्होल्टची बॅटरी होती. ती पाहून गिऱ्हाइकांनीही मागणी केली आणि तशा सुमारे ५०० गाड्या तयार झाल्या. तेव्हा ती राजेरजवाड्यांच्या आणि धनिकांच्या पोरांची चैन होती. साच्यातलं प्लास्टिक आणि स्वस्त मोटर आल्यावर ती मध्यमवर्गाच्या अंगणात आली आणि आता आमच्या गावच्या गल्लीत आली आहे. गल्लीत आली याचा आनंदच आहे. म्हणून तर तिच्याकडे नीट पाहायला हवं.

फ्यूज कशासाठी, हे समजायला एकच प्रसंग पुरे. पोर गाडी भिंतीला नेऊन लावतं आणि पेडलवरचा पाय काढत नाही. प्रत्येक पोर हे करतं. चाक अडलं की मोटर फिरायची थांबते, वीज मात्र जातच राहते. फिरणारी मोटर स्वतः उलटा दाब तयार करून करंट आटोक्यात ठेवते. अडली की तो दाब संपतो आणि ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढू लागते. तार तापते, तिचं आवरण मऊ पडतं, जोडणीचं नायलॉन कनेक्टर आधी पिवळं, मग तपकिरी होतं. बॅटरी १२ व्होल्टची आहे म्हणून निर्धास्त राहणं चूक आहे. एवढ्या दाबाने अंगाला झटका बसत नाही, हे खरं. पण ही बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शंभरावर अँपिअर देऊ शकते, आणि बारीक तार लाल व्हायला तेवढं पुष्कळ झालं. फ्यूज तिथे आधी तुटतो. चांगल्या गाड्यांत तापला की आपोआप तुटणारा आणि निवला की पुन्हा जुळणारा ब्रेकर असतो. गाडी मध्येच बंद पडली आणि थोड्या वेळाने आपोआप चालू झाली, तर ती बिघडलेली नसते; तिने स्वतःला सांभाळलेलं असतं.

हे सगळं कागदावरचं भय नाही. अमेरिकेत १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये फिशर-प्राइस कंपनीने ‘पॉवर व्हील्स’ नावाच्या आपल्या अशाच गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांची संख्या सुमारे १ कोटी होती. विजेचे भाग तापून सुमारे १५० ठिकाणी आग लागल्याच्या, काही मुलं किरकोळ भाजल्याच्या आणि काही गाड्या पाय काढूनही न थांबल्याच्या तक्रारी आल्या होत्या. धोका माहीत असून वेळेवर कळवला नाही, या आरोपावरून कंपनीला २००१ मध्ये ११ लाख डॉलरचा दंड भरावा लागला. पाय काढूनही गाडी का थांबत नाही? पेडलच्या स्विचमधले धातूचे दोन संपर्क ठिणग्या खाऊन एकमेकांना चिकटतात. पेडल वर येतं, पण आतली वाट उघडत नाही. युरोपच्या मानकात म्हणूनच स्पष्ट अट आहे की पाय निघाला की वीज तुटलीच पाहिजे आणि तेव्हा गाडी कलंडता कामा नये.

आता आमच्याकडचं बोलतो. बेळगाव हे हाताच्या कसबाचं गाव. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, हायड्रॉलिकचे कारखाने, मोटर रिवाइंडिंगची दुकानं यांनी इथल्या कितीतरी घरांना पोट दिलं. इथे बंद पडलेली वस्तू कुणी टाकून देत नाही. बॅटरीची गाडी बंद पडली की ती अशाच एखाद्या दुरुस्तीच्या टेबलावर येते. अशी एक उघडलेली जीप मी जवळून पाहिली आहे. लाल तारेवरचा फ्यूज काढून दोन टोकं पिळून त्यावर काळी टेप गुंडाळली होती, आणि पुढचं कनेक्टर वितळून एका बाजूला ओघळलं होतं. दुरुस्त करणाऱ्या पोराने सरळ सांगितलं, ‘‘फ्यूज सारखा उडालाय म्हणत होते अण्णा, म्हणून मी डायरेक्ट केलो.’’ त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळपर्यंत हवी होती, पोर रडत होतं. पण फ्यूज सारखा उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. गिअरमध्ये खडा अडकला असेल, चाकाच्या आसाला केस किंवा दोरा गुंडाळला असेल, एका गाडीवर दोन पोरं बसत असतील. त्याचं कारण शोधायचं आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज लावायचा. जास्त अँपिअरचा लावला तरी तो डायरेक्ट केल्यासारखाच. तरुण मुलं व्हिडिओ पाहून दुसरी एक बॅटरी जोडतात आणि १२ चे २४ व्होल्ट करतात, तेही याच जातीचं. मोटर, गिअर, तार आणि पोर, या चारांपैकी कुणालाच तो वेग झेपत नाही.

बेळगुंदीची जमीन शहराच्या बागेसारखी सपाट नाही. बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपच्या बाजूला, चंदगडकडे सरकताना भूभाग वर-खाली होत जातो. या मुलखात पाऊसही भरपूर. या गाड्यांना आपल्या मोटारसायकलसारखा ब्रेक नसतो. पेडल सुटलं की सर्किट मोटरची दोन्ही टोकं जोडून टाकतं आणि फिरणारी मोटरच चाकाला अडवून धरते. ही युक्ती सपाटीवर उत्तम चालते. उतारावर ती गाडीला पूर्ण थांबवत नाही, हळू करते. आणि गिअरबॉक्सचे दात झिजले असतील तर चाक मोटरपासून सुटतं आणि मग काहीच अडवत नाही. उतारावर गाडी न्यायची नाही, हा नियम इतर कुठे असो नसो, इथे घराघरात हवा. कडक प्लास्टिकची चाकं ओल्या लाल मातीवर आणि शहाबादी फरशीवर घसरतात. थोडे पैसे जास्त गेले तरी मऊ, फोमसारख्या ईव्हीए रबराची चाकं घेतलेली बरी.

गाडी कलंडते का, हेही मानकं तपासतात. वजन ठेवून गाडी दहा अंशांच्या उतारावर आडवी उभी करतात आणि ती टिकते का पाहतात. दार, बॉनेट यांच्या बिजागरीतली फट इतकी अरुंद हवी की पाच मिलिमीटरची कांडी आत जाऊ नये. ती गेलीच, तर बारा मिलिमीटरचीही जायला हवी. मधल्या मापाची फट बोट आत घेते आणि सोडत नाही, म्हणून ही अट. पोराच्या बोटाची जाडी मोजून कुणीतरी हा आकडा ठरवला आहे. असे आकडे वाचताना मला त्या अनामिक माणसांविषयी फार कृतज्ञता वाटते.

भारतात अशी मानकं सक्तीची व्हायला उशीर झाला. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह आता बंधनकारक आहे. विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे वेगळं मानक. त्यात २४ व्होल्टच्या वर जाता येत नाही. खोक्यावरच्या आयएसआय चिन्हावर हा क्रमांक असावा आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, हे दुकानात उभ्याउभ्या कळतं. आमच्याच कर्नाटकात कोप्पळला सुमारे ४०० एकरांवर खेळण्यांची औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. तिचा प्रवर्तक असलेल्या एकस कंपनीचा विमानाचे सुटे भाग बनवणारा कारखाना बेळगावजवळ हत्तरगीला आहे. विमानाच्या भागाला लागणारी तपासणीची शिस्त खेळण्याच्या वाट्याला आली तर सगळ्यांचंच भलं होईल.

रिमोटविषयी थोडं. बहुतेक गाड्यांत रिमोट पेडलपेक्षा वरचढ असतो. त्यावरचं थांबवण्याचं बटण दाबलं की पोराने पेडल दाबून धरलं तरी गाडी उभी राहते. दुकानात गाडीची चाकं वर करून ती चालवा आणि मध्येच रिमोटचे सेल काढा. रिमोटवर चाललेली गाडी तिथेच थांबली तर ठीक. फिरतच राहिली तर ती गाडी घेऊ नका. जत्रेत, बागेच्या फाटकाशी भाड्याने चालणाऱ्या गाड्यांना हे आणखी लागू आहे, कारण त्या दिवसभर न थांबता तापत असतात आणि चार-पाच गाड्यांमागे एकच माणूस असतो. रिमोटमध्ये किंवा हॉर्नमध्ये बटणासारखा चपटा सेल असेल, तर त्याचं झाकण स्क्रूचंच हवं. तो गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

खोक्यावरच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात. आमच्या घरात मराठी बोलतात, शेजारी कन्नड बोलतात, आणि ‘चार्जिंग चालू असताना गाडी वापरू नये’ हे वाक्य दोघांपर्यंतही पोचत नाही. कंपन्यांनी हे दोन्ही भाषांत, चित्रांसह सीटखालीच चिकटवायला हवं, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. तोवर ते इथे सांगतो. गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरा. ६ व्होल्टच्या बॅटरीला १२ व्होल्टचा लावला तर ती फुगते. आठ ते बारा तासांत बॅटरी भरते, मग चार्जर काढा. रात्रभर अंथरुणाशेजारी, गादीवर, कपड्यांत ठेवून चार्ज करू नका. मोकळ्या हवेत, फरशीवर, मोठ्यांच्या नजरेसमोर करा. पावसाळ्यात गाडी पडून राहणार असेल तर बॅटरी भरून, तार सोडवून ठेवा. रिकामी ठेवली तर दिवाळीपर्यंत ती कायमची मेलेली असते.

आणि मेली की ती परसात टाकू नका. तिच्यात शिसं आणि आम्ल आहे, आणि फुटलेली बॅटरी पोरांच्या हाताला लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटरीच्या दुकानात जुनी दिली की वजनावर नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते. नवी घेताना व्होल्ट आणि अँपिअर-तास जुन्यावर लिहिलेलेच घ्या, आणि दुकानदाराला त्याच वेळी दोन जादा फ्यूज मागा.