आधी पाणी, मग झाडं, मग मासे

कल्याणजवळच्या आमच्या मोहन्याच्या नळाला उल्हास नदीचं पाणी येतं. पण ते सगळंच उल्हासचं नसतं. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती राहते, त्याला कारण कर्जतजवळचं भिवपुरीचं वीजघर. १९२२ पासून तिथं घाटमाथ्यावरचं आंद्र मावळातलं पाणी खाली सोडून वीज काढतात आणि तेच पाणी पुढे उल्हासला मिळतं. तिथली आंद्रा नदी मुळात इंद्रायणीची, इंद्रायणी भीमेची आणि भीमा कृष्णेची. म्हणजे जे पाणी एरवी पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं, त्यातलं काही मोहन्यातल्या बादलीत पडतं. बदलापूरच्या अलीकडे-पलीकडे बारवी धरणाचं पाणीही त्यात येऊन मिसळतं.

घरात पहिल्यांदा पाण्यातल्या झाडांची टाकी लावायची ठरली तेव्हा मी ही माहिती काढत बसले, म्हणून घरचे वैतागले होते. दुकानात मासे दाखवतात, काच दाखवतात, रंगीत खडे दाखवतात. पाणी कुठलं, असं कुणी विचारत नाही. पण टाकीत सगळ्यात जास्त असतं ते पाणीच. सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून पावसाचं म्हणून उतरलेलं पाणी तसं हलकं, साबणाला चटकन फेस आणणारं. बोअरचं पाणी जड. उन्हाळ्यात पुष्कळ इमारतींत दोन्ही एकाच टाकीत सोडतात, म्हणून मी थेट नदीचं पाणी येणाऱ्या नळाखाली बादली धरून साठवलेलंच पाणी वापरायचं ठरवलं. त्यात क्लोरीन असतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की त्याचा वास घरभर जाणवतो. आपल्याला तो जंतूंपासून वाचवतो. माशांचे कल्ले मात्र जाळतो आणि ज्या जिवाणूंच्या जोरावर टाकी चालायची त्यांनाही मारतो. दिवसभर उघडी ठेवलेली बादली किंवा सोडियम थायोसल्फेटचे चार खडे, एवढ्यानं काम होतं.

टाकी घेतली दोन फुटी: चोवीस इंच लांब, बारा रुंद, पंधरा उंच. हिशेबानं सत्तर लिटर. माती, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतं. काच, वाळू, दगड, पाणी मिळून वजन नव्वद किलोच्या आसपास जातं, तेव्हा टीव्हीच्या टेबलावर किंवा शोकेसवर ती ठेवू नये. लोखंडी स्टँड करून घ्यावा, वर प्लायवूड, त्यावर थर्माकोल. खालचा पृष्ठभाग जरासा उंचसखल असला तरी सगळा दाब काचेच्या एका कोपऱ्यावर येतो. थर्माकोल तो पसरवतो. खिडकीसमोर टाकी शोभते, पण थेट उन्हानं पाणी हिरवं होतं. आमची आतल्या भिंतीला लागून आहे.

तळ ही या कामातली मला सगळ्यात आवडलेली पायरी. बाजारात झाडांसाठी भाजलेल्या मातीच्या गोळ्या मिळतात, त्या उत्तम असतात आणि महागही असतात. डायाना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात साध्या बागेतल्या मातीचा रस्ता दाखवला: खाली इंचभर माती, वर बारीक खडीचं झाकण. मी तोच धरला. कुंडीतली जुनी माती चाळली, काड्या-मुळं काढली, बादलीत भिजवून वर तरंगणारा कचरा पुन्हा पुन्हा ओतून टाकला. त्यात मूठभर जांभ्याची लाल माती मिसळली, कारण झाडांना लोह लागतं आणि जांभ्यात ते भरपूर असतं. शेणखत अजिबात नाही. कुंडीत जे वरदान, ते बंद पाण्यात अमोनियाचा लोंढा सोडतं.

झाकणासाठी वाळू निवडताना कल्याणच्या माणसाला खाडीची रेती पटकन सुचते. ती नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचे तुकडे असतात. शिंपला म्हणजे चुना, तो हळूहळू विरघळून हलकं पाणी जड करत राहतो. ओळखायची रीत सोपी आहे. बशीत चिमूटभर वाळू घ्यायची, वर लिंबू पिळायचं आणि कान जवळ न्यायचा. चुना असला तर बारीक चुरचुर ऐकू येते, डोळ्यांना बुडबुडे दिसायच्या आधी. नदीकाठचे काळे दगडही मी असेच तपासले. काळ्या दगडाला काही होत नाही, पण त्याच्या पोकळ्यांत कधी पांढरे स्फटिक असतात. त्यातले काही लिंबाला शांत राहतात, काही फसफसतात. फसफसणारा दगड कितीही सुरेख असला तरी बाहेरच ठेवला.

काचेच्या भांड्यात झाडं, मासे आणि पाणी एकमेकांना सांभाळू शकतात, हे दाखवलं ते १८५० च्या सुमारास लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं. त्याच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं एक रोप होतं. पानं कुजायला लागली, पाणी बिघडायला लागलं, तेव्हा त्यानं गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि भांडं सावरलं. पुढे जपानच्या ताकाशी अमानोंनी (१९५४–२०१५) या भांड्यात दगड, लाकूड आणि गवताची अख्खी निसर्गचित्रं उभी केली. त्यांच्या टाक्यांची छायाचित्रं पाहूनच पुष्कळ जण या छंदात ओढले जातात. मला अमानोंचं मोठेपण मान्य आहे. पण नवख्या माणसानं वॉरिंग्टनकडून सुरुवात करावी.

झाडं दुकानात जुडी करून मिळतात, बाजारातल्या मेथी-कोथिंबिरीसारखी दोऱ्यानं बांधलेली. घरी आणल्यावर जुडी सोडायची, एकेक काडी वेगळी करायची, खालची काळी पडलेली पानं खुडायची. मग तुरटीच्या पाण्यात बुडवून नीट धुवायची, म्हणजे पानांखाली चिकटलेल्या गोगलगाई आणि त्यांची बरीच अंडी जातात. वॉरिंग्टनला त्या हव्या होत्या, मलाही पुढे हव्या असतील, पण किती हव्यात ते मी ठरवणार.

माझी निवड जवळच्या, चिवट झाडांची. मागे व्हॅलिस्नेरिया, लांब पट्ट्यांचं. बाजूला हायग्रोफिला आणि रोटाला, दोन्ही भारतातल्याच पाणथळ जागांतली. पुढे ब्राह्मी. होय, तीच, जिचं तेल डोक्याला लावतात. ओल्या बांधावर सरपटणारी ब्राह्मी पाण्याखाली सरळ उभी वाढते, पानं जाड आणि पोपटी राहतात. सावलीच्या कोपऱ्यात क्रिप्टोकोरीन. हे नाव परदेशी वाटतं खरं, पण त्याची काही भावंडं आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही वाढतात. लाकडाच्या तुकड्यावर जावा फर्न दोऱ्यानं बांधलं. त्याचं आडवं खोड वाळूत पुरलं तर सडतं.

लावायच्या आधी टाकीत वीतभरच पाणी घ्यायचं, तेही तळावर बशी ठेवून तिच्यावर बारीक धारेनं, म्हणजे खालची माती उसळत नाही. लांब चिमट्यात काडीचं टोक धरायचं, तिरकं वाळूत घुसवायचं, आणि चिमटा बाहेर काढताना आधी किंचित सैल करून हलवायचा. सरळ ओढला तर काडी त्याच्याबरोबर वर येते. एक काडी बसते, शेजारची सुटून तरंगते. ती पुन्हा धरायची. दोन काड्यांत बोटभर अंतर ठेवायचं, नाहीतर खालच्या पानांना उजेड मिळत नाही. पाठीला रग लागते, पण हात एकदा बसला की काम सुरेख लयीत चालतं.

मग पाणी भरलं, फिल्टर सुरू केला, दिव्याला टायमर लावून सहा तासांवर ठेवला. आणि टाकीत मासे नव्हते.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, “मासे कुठेत?” आमच्या शेजारच्या काकू तर रोज विचारायच्या. पण या छंदातलं खरं काम याच रिकाम्या वाटणाऱ्या दिवसांत होतं. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून, सडलेल्या पानातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष आहे. काही जिवाणू तो खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते काढून घेतं. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते बऱ्याच प्रमाणात असलं तरी मासे सोसतात. २०१५ साली तर दोन्ही कामं एकट्यानं करणारे नायट्रोस्पिरा जिवाणूही सापडले. हे सगळे वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजावर, पानांवर वस्ती करतात, पण सावकाश. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडच्या उकाड्यात थोडे लवकर.

त्यांनाही खाणं हवं. म्हणून माशांचं खाणं चिमूटभर टाकून ते कुजू द्यायचं. टेस्ट किटच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकले की रंग सांगतो. अमोनिया नसेल तर पिवळा. असेल तर पोपटी, मग हिरवा. नायट्राइटच्या नळीत आकाशी रंग हवा, जांभळा नको. पहिल्या काळात पिवळ्याचा हिरवा होतो. मग हिरवा ओसरतो आणि दुसरी नळी जांभळी होते. या मधल्या टप्प्यात पाणी इतकं स्वच्छ दिसतं की मासे सोडावेसे वाटतात. आणि नेमके इथेच नव्या टाक्यांतले मासे मरतात. लोक म्हणतात, दुकानदारानं आजारी मासे दिले.

याच दिवसांत काचेवर तपकिरी थर आला, तो बोटानं सहज पुसला जातो. क्रिप्टोकोरीनची जुनी पानं वितळल्यासारखी झाली. ती नर्सरीत पाण्याबाहेर वाढलेली असतात. पाण्याखालची नवी पानं यायच्या आधी जुनी टाकून देतात. उपटू नये, मूळ जिवंत असतं. आणि एका दुपारी रोटालाच्या पानांच्या कडेला टाचणीच्या डोक्याहून लहान बुडबुडे दिसले. एका जागी बुडबुडा फुगायचा, सुटायचा, वर जायचा आणि तिथंच दुसरा धरायचा. पाण्यात प्राणवायू इतका झाला होता की तो आता विरघळत नव्हता. झाडांनी मूळ धरल्याची याहून चांगली खूण नाही.

टाकीत नायट्रेटचं काय होतं? झाडं ते खातात. हे समजलं की मोहन्याच्या बंधाऱ्यावर दिसणारी जलपर्णी वेगळ्या नजरेनं दिसते. पाऊस सरला की नदीवर हिरवी चादर चढायला लागते, उन्हाळ्यापर्यंत पाणीच दिसेनासं होतं. गावागावांचं आणि शहरांचं सांडपाणी नदीत येतं, त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो आणि अशा पाण्यात जलपर्णी दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होते. जाळ्यानं आणि यंत्रानं ती काढतात, पुन्हा येते, कारण तिचं खाणं येतच राहतं. माझ्या टाकीत मी खाणं कमी घालू शकते, झाडं छाटू शकते, पाणी बदलू शकते. नदीचं सांडपाणी आधी शुद्ध करणं हाच त्यातला खरा उपाय आहे, आणि तो आपण वर्षानुवर्षं लांबवतो आहोत, याचा मला मनापासून राग येतो.

ही जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांसाठी शोभेची म्हणून ती बंगालात आणली गेली. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासाही तिकडचाच. टाकीत मावेना म्हणून सोडून दिलेला हा मासा आज उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यांत येतो. तेव्हा टाकीतलं काहीही, झाड असो वा मासा, नदीत, तळ्यात, नाल्यात सोडायचं नाही. छाटलेली पानं उन्हात वाळवून कुंडीत.

दोन्ही नळ्या स्वच्छ यायला लागल्या तेव्हा माशांची निवड आली. निऑन टेट्रा सगळ्यांना हवे असतात, पण मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी बत्तीस अंशांवर जातं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. अ‍ॅमेझॉनच्या सावलीतल्या ओढ्यांतला मासा इथं तगवायचा म्हणजे सतत पंखा आणि काळजी. नारायण बार्बनं मला फार मोह घातला. गोव्या-कर्नाटकाच्या नद्यांतला हा मासा १९९२ साली छापगर आणि साने यांनी शास्त्राला ओळखीचा करून दिला. छापगर मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे अभिरक्षक होते. पण आता तो धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. पैदास केलेला आहे अशी खात्री मिळेपर्यंत तो घ्यायचा नाही, हे मी ठरवून टाकलं.

शेवटी झेब्रा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, १८२२ साली हॅमिल्टननं नोंदलेला, दोन बोटांचा निळ्या पट्ट्यांचा मासा, उकाडा आणि गारवा दोन्ही सोसणारा. आधी सहाच आणले, कारण जिवाणूंची वस्ती माशांच्या संख्येच्या मागोमाग वाढते. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, तापमान सारखं झालं, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालत गेले. मासे जाळीनं उचलून सोडले. पिशवीतलं पाणी मोरीत. पहिला दिवस दिवा बंद, खाणं बंद. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं.

आता आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलते. काढलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला, त्यांना ते फार मानवतं. स्पंज धुवायचा तो त्याच काढलेल्या पाण्यात, नळाखाली कधी नाही. वीज जास्त वेळ गेली तर बॅटरीचा एअर पंप लावते; फिल्टरमधल्या जिवाणूंनाही श्वास लागतोच. व्हॅलिस्नेरियानं वाळूखालून धावती खोडं काढून उजवी बाजू भरून टाकली आहे आणि हायग्रोफिला दर छाटणीला ओंजळभर निघते. खालच्या मजल्यावरचा मुलगा त्या काड्या घेऊन जातो. त्याला दीड फुटी टाकी मिळाली आहे आणि तिच्यात गोल्डफिश हवे आहेत. गोल्डफिश फूटभर वाढतात आणि झाडं उपटतात, हे त्याला पटवणं चालू आहे. तोवर त्याच्या टाकीत झाडं वाढताहेत, आणि किट घेऊन तो रोज संध्याकाळी वर येतो, नळीतला रंग दाखवायला.